रिकाम्या डब्याची रंगीत तालीम

सर निवृत्त होत आहेत, त्यांचा सत्कार आहे, त्यानिमित्त गौरव-अंक निघतो आहे, तेव्हा आपणही "जुन्या आठवणींचे चार गोड शब्द" लिहून पाठवावेत, असं मला कळवण्यात आलं आहे. चार शब्दांची अडचण नव्हती. गोड हवेत, ही अडचण आहे. मी आजवर लिहिली ती पत्रकं. भिंतीवर डकवायची, सभेत वाटायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात कुणीतरी भजी बांधून नेताना बघायची. त्यात गोड लिहायची सवय लागत नाही. पण सरांवर लिही म्हटल्यावर नाही म्हणवलं नाही. हा माणूस मला विसरता आलेला नाही, आणि मी प्रयत्न केलेला आहे.

सर साताऱ्याला आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांचं नाव लिहीत नाही. गौरव-अंकाच्या पहिल्या पानावर ते ठळक अक्षरात असेलच. त्यांची जातही लिहीत नाही. ती लिहिली की वाचणारे म्हणतील, "हां, मग बरोबर." आणि पान उलटतील. पान उलटू नका.

उंच, जरा वाकलेले, गळ्यात काळ्या गोफात अडकवलेली शिट्टी आणि बारा महिने हातात छत्री. ती छत्री पावसासाठी नव्हती. तिच्या कापडाला आतून त्यांनी पांढऱ्या खडूनं अक्षांश-रेखांश काढलेले होते. वर्गात आले की छत्री फाडकन उघडायची, उलटी धरायची आणि म्हणायचं, "हा उत्तर गोलार्ध. ही काडी ग्रीनिच." पाऊस आला की सर छत्री मिटून कोटाच्या आत घालत आणि स्वतः भिजत घरी जात, कारण ओल झिरपून आतल्या रेषा पुसल्या असत्या. साताऱ्याच्या पावसात डोक्यावरून पाणी निथळत, काखेत कोरडी छत्री सांभाळत चाललेला माणूस तुम्ही पाहिला असेल तर ते आमचे सर.

त्यांना डावं-उजवं माहीत नव्हतं. ते दिशांत बोलायचे. "ईशान्येच्या खिडकीची कडी लाव." "डस्टर कपाटाच्या दक्षिणेला पडलाय." घरीसुद्धा तसंच. एकदा नकाशांच्या गुंडाळ्या पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. सरांनी ओसरीवरूनच दोन शिट्ट्या मारल्या. दोन शिट्ट्या म्हणजे चहा. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, मास्तर कशाला झालात? रेल्वेत गार्ड झाला असतात तर शिट्टीला निदान गाडी तरी हलली असती."

सर मनापासून हसले. स्वतःवरचा विनोद त्यांना चालायचा. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल बरं लिहिणार नाही.

मुलांनासुद्धा ते दिशेनंच हाक मारायचे. साताऱ्याहून ज्याचं गाव जिकडं, ते त्याचं नाव. शिरवळचा पोरगा उत्तर. वाईचा वायव्य. कऱ्हाडचा दक्षिण. पाटणकडचा नैर्ऋत्य. मी माधवनगरचा. वडील तिथं गिरणीत मागावर होते आणि मी शिकायला साताऱ्याच्या एका बोर्डिंगात राहत होतो. सांगली साताऱ्याच्या आग्नेयेला, म्हणून मी आग्नेय. सांगलीकडचाच भूपाल माझ्याबरोबर बोर्डिंगात होता. जैन शेतकऱ्याचा मुलगा, घरची हळद, घरचा ऊस. तो दुसरा आग्नेय. "आग्नेय एक, आग्नेय दोन, नकाशा धरा," म्हटलं की आम्ही दोघं दोन बाजूंनी धरायचो.

तुम्हाला हा वेडेपणा वाटेल. मला तो वाटला नाही. वडिलांनी धर्म बदलून तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. गावानं मात्र तोंड बदललं नव्हतं. शाळेतही तेच. मला माझ्या नावानं हाक मारणारे मास्तर थोडे, आणि नाव न घेता नेमकं काय ते सुचवणारे पुष्कळ. त्यात हा एक माणूस मला पृथ्वीच्या पाठीवरचा एक कोपरा समजून हाक मारायचा. एकदा दुसऱ्या एका मास्तरांनी भर व्हरांड्यात मला जुन्या शब्दानं हाक मारली. सर पलीकडून येत होते. छत्रीचं टोक फरशीवर आपटून म्हणाले, "तो आग्नेय आहे. दिशा समजत नसतील तर होकायंत्र देतो." ते मास्तर लालबुंद झाले. मी त्या दिवशी बोर्डिंगात जेवलोसुद्धा नाही, इतकं पोट भरलं होतं.

म्हणून सांगतो, माझा राग परक्या माणसावरचा नाही.

सरांचा खरा सण म्हणजे कासची सहल. दर वर्षी आश्विनात, सड्यावर, म्हणजे तिथल्या पठारावर, फुलं असताना. सहल एका दिवसाची, तयारी दोन महिन्यांची. सर म्हणायचे, "आधी नकाशा, मग पाय." श्रावणातच फळ्याचा एक भाग आखून घेतला जायचा आणि त्यावर "पुसू नये" असं लिहिलं जायचं. मग शाळेच्या मागं मातीचा उठावाचा नकाशा. विटांचा यवतेश्वराचा डोंगर, गाऱ्याचा सडा, मध्ये पत्र्याचा डबा पुरून केलेलं कासचं तळं, आणि तळ्यापासून डोंगराच्या कडेकडेनं खाली साताऱ्यापर्यंत बोटानं ओढलेला पाट. साताऱ्यात बाटल्यांची बुचं पुरलेली, ते नळ.

"आपण सगळे कोणतं पाणी पितो?" सर विचारायचे.

"कासचं!" पोरं ओरडायची.

"राजवाड्यात कोणतं?"

"कासचं!"

"आणि पेठांतून?"

"कासचंच!"

पाट ओढायचं काम माझ्याकडं होतं. उतार असा धरायचा की पाणी घाई करणार नाही आणि थांबणारही नाही. तो मला साधला होता. सगळी शाळा गोळा झाल्यावर सर म्हणाले, "पाणी आग्नेय एक ओतेल." मी तांब्या तिरका केला. पाणी सड्यावरून निघालं, यवतेश्वराला वळसा घातला आणि साताऱ्यातल्या एकेका बुचात भरत गेलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मातीच्या सगळ्या साताऱ्याला मी पाणी पाजलं. कुणी हरकत घेतली नाही. माती होती.

मग आली रंगीत तालीम.

हो, सहलीची रंगीत तालीम. सरांचा आग्रह असा की ज्यानं तालीम केली नाही त्यानं लॉरीत पाय ठेवायचा नाही. शनिवारी शाळा सकाळची असायची. ती सुटल्यावर सगळ्यांनी आपापला डबा, आपापला तांब्या घेऊन पटांगणात जमायचं. डबे रिकामे, तांबे रिकामे, कारण तालीम आहे. बाकांची लॉरी केलेली. सर पुढं उभे, छत्री हातात.

"घाट आला!" शिट्टी. सगळे डावीकडं कलले.

"वळण!" शिट्टी. सगळे उजवीकडं.

कऱ्हाडचा दक्षिण महा इरसाल होता. तोंडाला हात लावून म्हणाला, "सर, उलटी व्हतीया."

"तोंड दक्षिणेला कर. वारा उत्तरेचा आहे."

"आवं, म्या सोताच दक्षिण हाय, सर. तोंड करू कुठं?"

पटांगण हसून लोळलं. सरसुद्धा. मीही. असं हसायला मिळत होतं म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

कास आलं. आम्ही लॉरीतून उतरलो. पटांगणाच्या एका भागात रंगीत कागदाचे कपटे पसरलेले होते; ती सोनकी, तो तेरडा. "फुलांवर पाय नको!" म्हणून सर ओरडत होते आणि आम्ही चवड्यांवर चालत होतो. एकानं विचारलं, "सर, तळं तिथंच हाय, मग घरनं पाणी कशापायी न्यायचं?" सर म्हणाले, "तळं शहराचं आहे. त्यात कुणीही हात घालायचा नाही. ज्याचं त्यानं न्यायचं." ठीक आहे, म्हटलं. कासचं पाणी नळानं खाली आणायचं, ते तांब्यात भरून परत कासला न्यायचं. आपल्याकडं असं असतं.

मग शिट्टी झाली. "भोजन!"

जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं चार रिंगणं मारलेली होती. तीन जवळजवळ. चौथं जरा बाजूला, कवठाच्या झाडाखाली. बाजूला फळा उभा केलेला आणि त्यावर सरांच्या सुबक अक्षरात सूची. नकाशाला असते तशी, खुणा काढून. पहिलं रिंगण शाकाहारी. दुसरं कांदा-लसूण वर्ज्य. तिसरं मांसाहारी. चौथं इतर.

इतर हा शब्द भूगोलात शेवटी येतो. ज्वारी, ऊस, हळद, इतर पिकं. मी तो शेकडो वेळा वहीत लिहिला होता. तो माणसाला लागू होतो हे मला माहीत नव्हतं.

पोरं भराभर जाऊन बसली. कुणाला काही विचारावं लागलं नाही. इतरमध्ये कोण, हेही कुणी विचारलं नाही. पाटणकडचा नैर्ऋत्य आणि कोरेगावकडचा पूर्व, दोघं आमच्यातलेच, न सांगता कवठाखाली जाऊन बसले. पूर्वेनं तर जागा झाडूनसुद्धा घेतली. मी डबा हातात धरून मधोमध उभा.

"सर, आमी कुटल्या रिंगणात बसायचं?"

"सूची वाच."

"वाचली. आमच्या बोर्डिंगातल्या समद्यांचं डबं एकाच चुलीवरनं भरून येणार हायती. वांग्याची भाजी. मंग आमी शाकाहारीत बसतो की."

"तुझं चौथं."

"चौथ्यात काय खात्यात, सर?"

पोरं हसली. सर हसले नाहीत. मी भूपालकडं बोट केलं. तो दुसऱ्या रिंगणात, कांदा-लसूण वर्ज्यमध्ये, मांडी घालून बसला होता.

"भूपालची भाजीबी त्याच भगुल्यातली. त्यात कांदा हायच. मंग त्यो दुसऱ्यात कसा?"

भूपाल कावराबावरा झाला. "म्या काढून टाकतो, सर. रोजच टाकतो."

"व्हय," मी म्हटलं, "आन् रोज माज्या ताटात टाकतो."

हे खरं होतं. बोर्डिंगात आमची एकच पंगत. भूपालचं ताट माझ्या ताटाला लागून. तो कांदा वेचून माझ्याकडं सरकवायचा आणि मी खायचो. माझ्या ताटापर्यंत त्याचा हात यायचा, तेव्हा कोणतीही सूची आडवी येत नव्हती.

मी चालत गेलो आणि भूपालच्या शेजारी बसलो. रिकामा डबा पुढं ठेवला, झाकण काढलं. रोज मांडीला मांडी लावून जेवणाऱ्या माझ्या मित्रानं गुडघा आवळून घेतला. फार नाही, चार बोटं. ती चार बोटं मला अजून दिसतात.

सर जवळ आले. आवाज चढवला नाही. "ऊठ. जागच्या जागी."

"सर, डबा रिकामा हाय."

"असू दे. तालीम आहे."

"रिकाम्या डब्याला कसलं पथ्य?"

"डब्यात काय आहे हा प्रश्न नाही," सर म्हणाले.

त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं ते. मी विचारलं, "मंग कशाचा परश्न हाय, सर?"

सरांनी शिट्टी वाजवली.

एवढा शिकलेला माणूस. ग्रीनिच छत्रीच्या काडीवर घेऊन फिरणारा. त्याच्याकडं माझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून शिट्टी होती. मी डबा उचलला आणि पटांगणाबाहेर गेलो. माझ्यामागून नैर्ऋत्य उठला. पूर्व जरा वेळ बसून राहिला, मग तोही आला. मागं सर म्हणत होते, "भोजन संपलं. हात धुवा." आणि पोरं हवेत हात धूत होती.

सोमवारी सरांनी मला व्हरांड्यात थांबवलं. रागात नव्हते, उलट समजूत काढायला आले होते. "तुला वाटलं तसं नाही ते," म्हणाले. "जुना शब्द मी फळ्यावर लिहिणार नाही. तो लिहिणं गुन्हा आहे आणि पापही आहे. तुमचा नवा शब्द अजून लोकांच्या अंगवळणी पडलेला नाही. लिहिला असता तर पालक आले असते, हेडमास्तरांकडं गेले असते, सहलच मोडली असती. तुम्ही तिघांनी यायलाच हवं म्हणून मी वाट काढली. इतर म्हटलं. स्वच्छ शब्द आहे."

"स्वच्छ," मी म्हटलं.

"कुणाला दुखवणारा नाही."

"मला दुखावलं की, सर."

"तू हट्टी आहेस," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला, हेही लिहितो. शिवायला ते भीत नव्हते. सरांना स्वतःला काहीच अडत नव्हतं. ते दुसऱ्यांच्या विटाळाची व्यवस्था बघत होते. अशी माणसं आपल्याकडं फार. स्वतः पाळत नाहीत. पाळणाऱ्यांची मात्र गैरसोय होऊ देत नाहीत.

आम्ही तिघं सहलीला गेलो नाही. लॉरी बोर्डिंगासमोरूनच गेली, शिट्ट्या वाजवत, गाणी म्हणत. पूर्व खिडकीला नाक लावून उभा होता. त्याला कास बघायचं होतं. त्यानं फुलांची नावं पाठ केलेली होती. तो मला म्हणाला, "तू लय भांडलास, त्ये बराबर केलंस. पर म्या जाणार हुतो रं. बसलो आसतो झाडाखाली. फुलं तर दिसली असती." मी त्याच्यावर खेकसलो. आज त्याच्यावर खेकसणार नाही. ज्यानं फुलांचा भाव ठरवला त्याच्यावर खेकसेन.

दिवेलागणीला भूपाल परत आला. खिशातून चुरगळलेली सोनकी काढून माझ्या ट्रंकेवर ठेवली. मी बघितलं नाही.

"सरांनी तिथंबी चार रिंगणं मारली," तो म्हणाला. "फक्की पिशवीतनं नेली हुती."

"चौथ्यात कोण बसलं?"

"कोन न्हाई. मोकळंच ठेवलं. दक्षिणला उनाचं सावलीत बसायचं हुतं, त्यो तिथं टेकाय गेला, तर सर वरडले. म्हणले, ती जागा त्या तिघांची हाय. शेवटपातुर कुणाला बसू दिलं न्हाई बग."

"तू गुडगा का आवळलास?"

भूपाल ट्रंकेवरची सोनकी बोटानं सरळ करू लागला. मग म्हणाला, "बोर्डिंगात गोष्ट येगळी रं. तितं समदी बगत हुती."

दुसऱ्या दिवशी सर स्वतः मला म्हणाले, "मी तुमची जागा राखून ठेवली होती." त्यांचे डोळे भरले होते. खोटे नव्हते ते डोळे, आणि म्हणून मी जास्त पेटलो. डोंगरावर, फुलांच्या मधोमध, तळ्याकाठी, चुन्याचं एक रिकामं वर्तुळ. त्यांना ते माझ्यावरचं प्रेम वाटत होतं.

त्याच आठवड्यात मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. वहीचा कागद, वर मोठ्या अक्षरात "रिकाम्या डब्याला कसलं पथ्य?" आणि खाली घडलं ते सगळं. शाळेच्या दारावर खळीनं चिकटवलं. दुपारी बघतो तर कागद गेलेला. म्हटलं, फाडला. मधल्या सुट्टीनंतर तो परत जागेवर होता. चारी कोपऱ्यांना पितळी टाचण्या, आणि मजकुरात लाल पेन्सिलीच्या खुणा. मी "रीकाम्या" लिहिलं होतं, ती वेलांटी ऱ्हस्व केलेली. आणखीही एक-दोन. खाली सरांचं अक्षर: "ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्यावे. बाकी मजकुरात चूक नाही."

हेडमास्तरांनी मला छड्या दिल्या तेव्हा सर तिथं उभे राहून म्हणाले, "मजकूर बरोबर आहे. मी तपासला आहे." हेडमास्तर म्हणाले, "मग तुम्ही चुकलात म्हणायचं का?" सर म्हणाले, "ते वेगळं."

ही गोष्ट सत्काराच्या सभेत कुणीतरी सांगणारच. केवढा मोठ्या मनाचा शिक्षक, म्हणून टाळ्या पडतील. मीही त्या दिवशी तसंच समजलो होतो. वाटलं, जिंकलो. पुढच्या आश्विनात वर्गातली पोरं बदलली, फळा नव्यानं रंगवला, आणि पटांगणात फक्कीची रिंगणं मारली गेली. चारच. चौथं कवठाखाली.

चूक माहीत नसलेल्या माणसाशी मला भांडता येतं. गावोगाव तेच करत फिरतो आहे. मारायला उठलेल्याशीही बोलता येतं. निदान तो कुठं उभा आहे ते दिसतं. पण मजकुरात चूक नाही अशी सही करून, लाल पेन्सिल खिशात ठेवून, परत फक्कीची पिशवी उचलणाऱ्याचं काय करायचं? माझी वेलांटी सरांनी सुधारली, ती कायमची सुधारली. आजही "रिकामा" लिहिताना हात बरोबर वळतो. माझ्याकडून त्यांचं एक वर्तुळ पुसलं गेलं नाही.

परवा भूपाल माधवनगरला आला होता. आता तो सांगलीला हळदीचा व्यापार बघतो, नखं पिवळी, अंगाला वास. सत्काराच्या कमिटीत आहे. मला लेख मागायला आणि सहलीचं आमंत्रण द्यायला आला होता. होय, सहल. सरांच्या सत्काराचा मुख्य कार्यक्रम म्हणजे सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून कासला जायचं.

"यष्टीची खास गाडी ठरवलीया," भूपाल म्हणाला. "वकील, डॉक्टर, समदी येणार. दक्षिण तर फौजदार झालाय, त्यो रजा टाकून येतोय."

"आणि पूर्व?"

"त्येचा पत्त्या न्हाई बग कुणाकडं."

"जेवण?"

"डबं आपापलं. सरांची विच्छा, पयल्यावाणीच समदं करायचं. आदल्या दिशी पटांगणात तालीमबी हाय." तो हसला. "म्हातारं म्हणतंय, तालमीबिगर गाडीत पाय ठिवायचा न्हाई."

"रिंगणं?"

भूपालचं हसणं गेलं. "तेवडं ईचारू नगंस."

"विचारतो. फक्की कोण आणणार?"

"सर सोता आणतो म्हणलेत."

"तू कमिटीत आहेस. सांग की त्यांना."

"आता ह्या वयात त्यास्नी काय सांगायचं, गड्या? एका दिसाचा तर परश्न हाय. आन् आता कोन पाळतंय? तू बस की माज्याजवळ. म्या कुटं न्हाई म्हणतोय?"

"गुडघा आवळणार नाहीस ना?"

भूपाल लाजला. तो वाईट माणूस नाही. बाहेर पडताना म्हणाला, "लेखात माजं नाव घालू नगं रं." मी घातलं आहे. पण आमच्या भागात भूपाल घरोघरी आहेत. ज्याला टोचेल त्यानं आपलं समजावं.

तेव्हा कमिटीस कळवतो. लेख पाठवला आहे. गोड नाही. श्रद्धा, आठवणी, शुभेच्छा यांपैकी कोणत्याही सदरात तो बसत नसेल तर अंकाच्या शेवटी "इतर" असं सदर काढा आणि त्यात छापा. स्वच्छ शब्द आहे.

सहलीचं नंतर बघू. तालमीला मात्र मी येणार आहे. माझा तो डबा अजून आहे. ॲल्युमिनियमचा, एका बाजूनं चेपलेला, झाकण नीट बसत नाही. तो मी घेऊन येईन, रिकामाच. त्या दिवशी वकिलांचा डबा रिकामा असेल, फौजदारांचा रिकामा असेल, भूपालचा रिकामा असेल आणि सरांचासुद्धा. भरलेल्या डब्यांत कांदा सापडतो, लसूण सापडतो, माणसाला लांब बसवायला काही ना काही सापडतंच. रिकाम्या डब्यात काही सापडत नाही. सर ज्या रिंगणात बसतील त्या रिंगणात, त्यांच्या शेजारी, मी बसणार आहे. झाकण काढून डबा त्यांच्यापुढं ठेवणार आहे. तोच प्रश्न आहे, दुसरा नाही.

शिट्टी त्यांच्या गळ्यात आहे.